एकाचं काढून दुसऱ्याला

बाबा, माझ्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खोत वळायचं कसं ते दाखवत होते. मी वळले, पाय वळला नाही. पलासियातले डॉक्टर म्हणाले, तुटलेलं शिवून फायदा नाही, "नया बनाएँगे, आप ही के शरीर से." एक तर मांडीच्या मागून कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढायची, नाहीतर गुडघ्याच्या वाटीखालची, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. आई एकदम म्हणाली, "अगो बाई, हे तर अगदी ह्यांच्यासारखं!" मग डॉक्टरांना, "हमारे मिस्टर भी यही करते थे. कुकर का हैंडल निकालके पतीले को लगाया." डॉक्टरांनी आदराने विचारलं, "सर्जन थे?" "नहीं जी, पोलोग्राउंड के कारखाने में मशीन के पट्टे जोड़ते थे."

त्या पातेल्याला दिमाखदार हँडल होतं आणि कुकर आम्ही वर्षभर सांडशीने उचलला. तुम्ही म्हणायचात, काढताना आधी बघायचं, ज्याचं काढतोय त्याला निभेल का. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून मी वहीत दोन रकाने आखले. वाटीखालची कंडरा हाडाला हाड लागून लवकर पक्की होते, पण पुढे गुडघा टेकताना दुखू शकतं. मांडीमागची काढली तर पुढचं दुखणं कमी, पण पाय मागे ओढण्याची ताकद थोडी घटते. "पुढचं नको," आई म्हणते, "गुडघे टेकशील कशी?" तू कधी टेकलेस, असं विचारलं तर म्हणाली, "फरशी काय तुझे डॉक्टर पुसतात?" डॉक्टरांचा प्रश्न एकच होता, "बेटा, इस घुटने से करना क्या है?" मला पुन्हा खो-खोच्या पाटीत बसायचंय, बाबा. माझ्या शाळेतल्या मुलींपैकी निम्म्या जणींना घरून खेळायला पाठवत नाहीत. मी खुर्चीत बसून शिट्टी वाजवायला लागले तर उरलेल्याही जातील. मातीत रोज गुडघा टेकतो, म्हणून मांडीमागची ठरवली. मांडीला निभेल, व्यायाम करून घेईन तिच्याकडून. सोमवारी ऑपरेशन आहे.

आठवीत माझ्या दप्तराचा बंद तुटला तेव्हा तुम्ही तुमच्या कमरेचा पट्टा काढून शिवलात. निळ्या दप्तराला तपकिरी बंद, आणि त्याला ओळीने भोकं. वर्गात मुली म्हणाल्या, "इसमें तो छेद हैं रे, बस्ता मोटा हुआ तो ढीला करेगी क्या?" पंधरा दिवसांनी मी तुम्हाला सांगितलं, बंद तुटला. तुम्ही तो दाराशी उजेडात नेता, कडेवरून अंगठा फिरवता. झिजून तुटलेला पट्टा कोणता आणि कापलेला कोणता, हे सांगण्यात तुमचा सगळा जन्म गेलेला. "बरं," एवढंच म्हणता. पुढच्या आठवड्यात नवं दप्तर आलं. तुमच्या कमरेला मात्र दिवाळीपर्यंत सुतळीच होती, आणि मी मैत्रिणींना सांगायचे, बाबांना पट्टा टोचतो.

हे पत्र एमआरआयच्या पाकिटात ठेवतेय, ते डॉक्टरही पुन्हा उघडत नाहीत. बंद मी आईच्या विळीवर कापला होता. तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही त्याच दिवशी कळलं होतं.