न्यायला की पोचवायला

शिरूर,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

लाडक्या जॉयसला पप्पाचा सप्रेम सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडं बरे आहोत. थंडी पडल्यापासून तुझ्या मम्मीचा गुडघा कुरकुरतोय, पण जिभेला काही झालेलं नाही, तेव्हा काळजी नसावी. तू वेळेवर जेवतेस ना? दौंडातल्या तुमच्या हॉस्पिटलात नर्सला दोन वेळा धड जेवायला मिळत असेल तर मला नवलच वाटेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'हं' म्हणतो आणि दोघंही ठेवून देतो. शाळेत तीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं, त्यांना ओरडताना कधी शब्द कमी पडला नाही. तुझ्यापुढं पडतो. म्हणून कागद घेतला. तुझी मैत्रीण फेथ उद्या ड्यूटीवर परत जातेय, तिच्या हाती हे देतो.

आधी सिनेमाचं बोलू. दिवाळीच्या सुट्टीत तू आलीस तेव्हा टीव्हीला मोबाईल जोडून तो कॉलेजातल्या पोरापोरीचा सिनेमा दाखवलास. शेवटी ती पोरगी बॅग घेऊन त्या पोराबरोबर एसटीत बसते. तेवढ्यात तिचा बाप स्टँडवर येतो, हातात कापडी पिशवी. पोरगी खिडकीतून त्याच्याकडं बघते, तो तिच्याकडं बघतो, कंडक्टर घंटी मारतो आणि सिनेमा खलास. मी म्हटलं, यांचे पैसे संपले वाटतं. मम्मी हसली. तू हसली नाहीस. तू विचारलंस, "पप्पा, तो बाप तिला न्यायला आला होता की पोचवायला?"

मी म्हटलं, न्यायला, दुसरं काय! पोरीला पळून जा म्हणून सांगायला कुठला बाप स्टँडवर येतो? तू 'बरं' म्हणालीस आणि चहाचे कप उचलून आत गेलीस.

ते 'बरं' मी माझ्या सोयीनं घेतलं. ऑस्टिनचं स्थळ आलेलंच होतं. दौंडचा, रेल्वेत नोकरीला, आपल्याच मंडळीतला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पोरगी समजूतदार आहे, असं मनाशी म्हटलं आणि चर्चमध्ये पाळकसाहेबांकडं जाऊन तुझं आणि ऑस्टिनचं नाव देऊन आलो. तीन रविवार उपासनेत नावं वाचायची, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणायचं, मग लग्न, ही आपली रीत. गेल्या रविवारी पहिल्यांदा वाचली. लोकांनी मागं वळून माझे हात हातात घेतले. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी तुला फोन केला, तर पुन्हा 'बरं'.

सोमवारी निमोण्याचे हौसराव आले. त्यांच्या नव्या घराच्या चौकटी मी करून देतोय. ते इंद्रजीतचे वडील, हे मी तुला सांगायला नको. हो, मला ठाऊक आहे. त्यावर येतो.

तो शेवट माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून मम्मीकडून तेवढाच भाग लावून घेतला आणि त्यांना दाखवला. हौसराव तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, "पोचवायला आलाय, मास्तर. न्यायला येणारा माणूस एकटा येत न्हाई. चार भाऊबंद आन् जीप घिऊन येतो. ह्यो पिशवी घिऊन आलाय."

मी विचारलं, पिशवीत काय असेल? भाकरी असंल, म्हणाले, लांबची गाडी हाय. मग चौकटीचं माप सांगितलं आणि निघून गेले. त्या दुपारी मी रंधा हातात घेतला नाही.

कारण पिशवी घेऊन मीही आलो होतो. ऑगस्टमध्ये एका शनिवारी तुला डबा आणतो म्हणालो आणि मग गाडी चुकली म्हणून फोन केला, आठवतं? गाडी चुकली नव्हती. हॉस्पिटलच्या फाटकासमोर तू आणि इंद्रजीत भेळ खात होतात. तो आपल्या भेळेतल्या मिरच्या वेचून तुझ्या कागदावर ठेवत होता आणि तू हसत होतीस. दहावीच्या निकालानंतर तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी चोरासारखा लिंबाच्या झाडाआड उभा राहिलो, मग परत फिरलो. चौफुल्याला उतरून मम्मीनं तुझ्यासाठी केलेलं मटण एकट्यानं खाल्लं.

तर नावं देताना मला सगळं ठाऊक होतं, बाळा. तुला विचारायचं विसरलो नव्हतो. उत्तर माहीत होतं म्हणून विचारलं नाही. मला भीती वाटली. मंडळीत काय बोलतील, इंद्रजीतच्या भावकीत तुला कोण कसं वागवेल, नाताळच्या सकाळी तू आमच्या शेजारी बाकावर असशील की नसशील. यातली शेवटची भीती सगळ्यात मोठी, आणि ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी मम्मीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नावं दिलीत, तुम्हीच काढा." तिला कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. घरात मीच शहाणा, असं मला इतके दिवस वाटत होतं.

मंगळवारी दौंडला ऑस्टिनच्या घरी गेलो. त्याचे वडील जॉन्सनभाऊ फार चिडले. त्यांचं बरोबरच आहे. वाचलेली नावं थांबली की चार तोंडं चार गोष्टी बोलतात, त्या त्यांच्या पोरालाही ऐकाव्या लागणार. ऑस्टिन मला स्टँडपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "काका, तिला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा 'पप्पा म्हणतील तसं' म्हणाली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं." भला मुलगा आहे. मी त्याची हात जोडून माफी मागितली. दौंडात असूनही तुझ्याकडं आलो नाही, कारण हातातलं काम अर्धंच झालं होतं.

काल पाळकसाहेबांकडं गेलो आणि हरकत घ्यायची आहे म्हटलं. कुणाची, त्यांनी विचारलं. मुलीच्या बापाची, मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हरकत घ्यायला त्यांच्याकडं भाऊबंद आले होते, जुने भांडकुदळ शेजारी आले होते, पण नावं देणाराच हरकत घ्यायला आला, असं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद पुढं सरकवला, कारण लेखी लागतं म्हणाले. मी लिहिलं, 'मुलीला विचारलेले नाही.' खाली सही केली. येत्या रविवारी तुमची नावं वाचणार नाहीत.

इंद्रजीतला मी हो म्हटलेलं नाही, हे नीट वाच. लग्न कुठल्या रीतीनं, तुझी उपासना, तुझी नोकरी, पुढं लेकरांचं काय, हे सगळं त्याला आणि हौसरावांना समोर बसवून विचारणार आहे, आणि चांगलं खडसावून विचारणार आहे. पण ते नंतर.

त्या सिनेमातल्या बापाचं म्हणशील, तर मला वाटतं, स्टँडवर पोचेपर्यंत त्याचं त्यालाच ठरलं नव्हतं. खिडकीत पोरीचा चेहरा दिसला तेव्हा ठरलं असेल. सिनेमावाल्यानं ते दाखवलं नाही, ठीकच केलं.

तुझी शाळा मी ठरवली, नर्सिंग मी ठरवलं, हॉस्टेलसुद्धा मीच बघून आलो. तू कधी हट्ट केला नाहीस आणि त्याचं मला कौतुक वाटायचं. तुझं मत काय, हे चोवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आज विचारतो.

जॉयस, तुला काय हवं आहे?

वाट पाहणारा आणि खरं सांगायचं तर घाबरलेला,
तुझा पप्पा
गिदोन