दांडीतली सळई

बाबा, तुमचा बेस गिटार मी एक्स-रेच्या टेबलावर झोपवला. तुम्ही असता तर आधी माझ्यावर ओरडला असता, आणि मग सगळ्यांच्या पुढे उभं राहून बघितलं असतं. धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात मी इतकी वर्षं लोकांची हाडं बघते, तिथंच दुपारच्या सुट्टीत हा उद्योग केला. माझ्याबरोबरची मुलगी विचारत होती, "ताई, पेशंटपुढं काय लिहू वं? बाई का माणूस?" तिला हसू आवरत नव्हतं. मला मात्र कधी एकदा फोटो निघतो असं झालं होतं.

झालं असं, की बंगळुरूच्या एका गृहस्थांचा फोन आला. आपल्याकडे हातानं बनवलेले जुने इलेक्ट्रिक बेस ते शोधत असतात. त्यांतले शाबूत किती उरलेत, सगळ्यांत आधीचा कोणता, हाच त्यांना नाद. नागपुरातल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी थोडे बेस केले होते, हे त्यांच्या कानावर आलं होतं. पहिला कुठे असेल, असं विचारताच मी सांगून मोकळी झाले, आमच्या घरी, सक्करदऱ्याला, कपाटावर. तुमच्या तोंडून ते ऐकतच मोठी झाले ना मी. "नागपुरातला पहिला बेस माहा." आई म्हणायची, पहिला असो की शेवटचा, ऐकू तर येतच नाही तुमचं ते. मामा तर तोंडावर फेकू म्हणायचे. तुम्ही गप्प जेवत राहायचात आणि राग मला यायचा. तो अजून गेलेला नाही. तुम्ही खरं बोलत होता, हे एकदा कुणीतरी बाहेरच्यानं सांगावं, एवढंच मला हवं होतं.

ऐकू येत नाही म्हणे! खापरखेड्याच्या कामगार वसाहतीत जयंतीचा कार्यक्रम आहे. मी लहान आहे, स्टेजच्या कडेला बसले आहे. तुम्ही माझ्याकडे बघता आणि भर गाण्यात तारांवरून हात काढून घेता. ढोलकी चालू आहे, गाणारा गातो आहे, पण गाणं पार पोकळ होतं. समोरचे लोक चुळबुळ करायला लागतात, का ते त्यांनाच कळत नाही. मग तुम्ही पुन्हा बोटं टेकवता आणि सगळं जागेवर येतं. परत येताना म्हणालात, "आता समजलं काय वं, मी काय करतो ते?"

आणि तो युनिफॉर्म. शेजारच्या ताईचा, तिला आखूड झालेला, मी आनंदानं घालून बघत होते. तुम्ही कामावरून आलात आणि दारातच थांबलात. "परत देऊन ये. माह्या बापानं लोकायचं उतरलेलं घातलं, म्या घातलं. तू नाही घालणार." नवा शिवून येईपर्यंत मी शाळेत फ्रॉकवर गेले आणि बाईंची बोलणी खाल्ली. तेव्हा तुमचा राग आला होता, पण ते वाक्य मी माझ्या मुलांनाही ऐकवलं आहे.

बंगळुरूच्या गृहस्थांनी ओळखायची खूण सांगितली होती. मिस्त्रीचा हात पेट्यांवर बसलेला, बेसच्या जाड तारा दांडीला किती ओढतात याचा त्याला अंदाज नव्हता. पहिली दांडी त्यानं नुसत्या सागवानाची केली. मे महिन्याचं ऊन लागलं आणि ती वाकली. त्यानंतर मात्र प्रत्येक दांडीत तो लोखंडी सळई घालायला लागला. म्हणजे सळई नसेल तो पहिला. दांडीवरची पट्टी उखडून बघायची माझी छाती नव्हती, म्हणून एक्स-रे.

तुमच्या बेसमध्ये सळई निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरीशुभ्र. मी स्क्रीनपुढे उभी राहून तुमच्यावर चिडले. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. फेकूच होते की काय हे, असं मनात आलंच.

मग खापरखेड्याचे काका आले, दुसऱ्या पार्टीत बेस वाजवणारे तुमचे दोस्त. गुडघा दाखवायचा होता, आणि मी सांगितलं म्हणून चादरीत गुंडाळून आपला, त्याच मिस्त्रीच्या हातचा, बेसही आणला होता. गुडघ्याची वाटी झिजलेली. बेसच्या दांडीत काहीच नाही, नुसतं लाकूड. मी फोटो दाखवला तर म्हणाले, "मले माहीत हाये. पहिला माहाच."

"मग बाबा काहून खोटं बोलत होते?"

"तो काहून खोटं बोलन वं? त्याले आम्हीच सांगतलं तसं, म्या अन् मिस्त्रीनं. माही दांडी वाकली म्हणून मिस्त्रीनं मले दुसरा बनवून देल्ला. पण हात तुह्या बापाचा चांगला. म्हटलं, हा तू घे. तर त्यानं काय इचारलं? दुसऱ्यासाठी बनवलेला तर नाही ना? तसा असन तर मले नको. मिस्त्री माह्याकडं पाहे, मी मिस्त्रीकडं. म्हटलं, नाही गा, हा पहिला हाये, तुह्यासाठीच बनवला."

"अन् तुम्ही?"

"वाजवला वाकड्यावरच. तारा उचललेल्या, दाबू दाबू बोटं सोलली, दुसरं काय." मग गुडघा चोळत म्हणाले, "त्या माणसाले सांगून टाक, पहिला तुह्या बापाचा. माहं काय जाते? आता कोण वाजवून राहिलं?"

तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझारा घालते आहे. कपाटाकडे बघवत नाही. आयुष्यभर ज्याला छातीशी धरलंत ते दुसऱ्यासाठी बनवलेलं होतं, आणि ते तुम्हाला कळू नये म्हणून एक माणूस बोटं सोलून घेत राहिला, आणि तुम्ही त्याच्यासमोरच पहिला माझा म्हणून सांगत होता. कुणाची कीव करू, तुमची की त्यांची? काकांचं ऐकलं असतं तर सगळं सोपं होतं. पण ते इतकी वर्षं तुमच्यासाठी गप्प बसले, आता माझ्यासाठीही बसवायचं?

आज सकाळी बंगळुरूचा फोन आला. मी सांगितलं, पहिला खापरखेड्याला आहे. आमचा दुसरा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते बरंच आहे. तुम्ही गेल्यापासून, बाबा, आत्ता तुम्ही हवे होता असं मला नेहमी वाटत आलं. आज फोन ठेवला आणि पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं, नाही आहात.