हीटरला लावलेला हात

केतन,

ऑफिसला लवकर निघालेय, घरात बसवत नाहीये. दुपारी आईच्या डोळ्याची पट्टी काढायला घाटकोपरला जायचंय, त्याआधी गाडीच्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा परत काढ. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघड, हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू कर आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतत राहा.

परवा तू हेच करत होतास. मला स्टिअरिंगवर बसवून म्हणालास, "ताई, हीटरला हात लावू नको." पण एवढ्या उकाड्यात हीटर! घामाच्या धारा लागल्या रे. तू बॉनेटखाली वाकलेला असताना मी तो गुपचूप बंद केला. हवा आतच अडकली आणि काल ऑपरेशननंतर आईला घरी आणताना विक्रोळीला गाडी तापून बंद पडली.

घरी आल्यावर बाबा अख्ख्या बिल्डिंगसमोर तुला म्हणाले, "एक काम धड जमत नाही याला." मी तिथेच उभी होते, आईचा हात धरून.

चिठ्ठी तुझ्या उशाशी ठेवणार होते, पण फ्रिजला लावलीय. बाबा तुझ्याआधी उठतात.

जान्हवी