कीबोर्डने गिळलेला अ

चि. सौ. धाकटीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? (मागच्या वेळी फोनवर ते मला खोटं खोकल्यासारखे वाटले, बहुतेक माझ्याशी बोलणं टाळायला. पण खरा असेल तर औषध घ्यावं.) आम्ही दोघं ठीक. हे पत्र मुद्दाम हाताने लिहितो आहे. ते उभ्याने वाचू नकोस, खुर्ची घे. तुझ्या छकुलीच्या स्थळाबद्दल मी ईमेलने कळवलेलं मत आणि तुम्हाला मिळालेलं मत ही दोन वेगळी मतं आहेत.

सुरुवातीपासून सांगतो. छकुलीने स्वतः निवडलेला मुलगा, त्याचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान, आणि तू म्हणालीस, दादा, तू एकदा पारखून घे, तू हो म्हणालास की आम्ही पुढे जाऊ. कारखान्याच्या गोदामात जन्मभर माल तपासून परत पाठवलेल्या माणसाला आणखी काय हवं? पाहायला घरी गेलं की माणूस इस्त्री केलेला दिसतो, म्हणून मी ओळख न देता गिऱ्हाईक होऊन दुकानात गेलो (जुनी टोपी घालून, तुझी वहिनी म्हणाली, चोरासारखे दिसता). सगळ्यात स्वस्त बिनतारी कीबोर्ड-माउसचा जोड मागितला. महाग माल कुणीही चांगला विकतो, स्वस्त मालात विकणारा उघडा पडतो.

आता ऐक. मुलगा चक्क म्हणाला, "काका, हा घेऊ नका. थोडा वेळ हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो आणि उठताना पहिलं अक्षर गिळतो. माउसही काचेवर उड्या मारतो. थोडे जास्त घाला, तो वरचा घ्या." मी मनात म्हटलं, पकडला! स्वतःच्या मालाला नावं ठेवून महागातला गळ्यात मारायचा, ही चाल मी ओळखत नाही होय? मी हट्टाने स्वस्तातलाच घेतला. घासाघीस करून पाहिली, तर एक पैसा सोडला नाही. तोंडावर हसू मात्र सारखं. इतकं हसण्यासारखं काय होतं?

घरी आणून रीतसर तपासणी केली. हातात तोलला, हलका. टकटक करून पाहिलं, पोकळ. बटणांवरची अक्षरं नखाने खरवडली, 'ष' थोडा निघाला (तो तसाही फारसा लागत नाही). कॉम्प्युटरला खुपसायचा नखाएवढा रिसीव्हर असतो, तो खोक्यात नव्हताच. मी लगेच त्या मुलाच्या नावाने शंख केला, मग तुझ्या वहिनीच्या केरसुणीवर संशय घेतला. तो माउसच्या पोटात, बॅटरीशेजारी निघाला. वहिनीने धरलेला अबोला अजून अर्धा शिल्लक आहे.

मग त्याच जोडावर तुला अहवाल लिहायला बसलो. मी शब्द तोलून लिहितो, हे तुला ठाऊक आहे. 'स्वभाव' लिहिलं, चहा घेतला, विचार केला, मग लिहिलं 'अप्रामाणिक'. 'बोलणं' लिहिलं, खिडकीशी उभा राहिलो, मग 'अविश्वसनीय'. 'स्थळ' लिहिलं, घरात एक फेरी मारली, मग 'अमान्य'. शेवटी चष्मा पुसला, मग 'असो'. नजर सगळा वेळ बटणांवर. एकदा वाचून पाहावं म्हणून दुसरा चष्मा शोधतो आहे, तेवढ्यात काचेच्या टेबलावर माउसच्या बाणाने उडी मारली. त्याला आवरायला गेलो, बोट नेमकं नको तिथे पडलं आणि ईमेल गेली.

होकार कळवल्याचं तुझं उत्तर आलं, तेव्हा मी गेलेली ईमेल उघडून पाहिली. तुम्हाला काय मिळालं? स्वभाव प्रामाणिक. बोलणं विश्वसनीय. स्थळ मान्य. आणि खाली 'सो'. मी विचार करत होतो तेव्हा कीबोर्ड झोपत होता आणि उठला की अ गिळत होता! आणि तुम्ही त्यावर मुलाकडे होकार कळवून मोकळे? सख्ख्या भावाने एका दमात तीन चांगले शब्द लिहिले, तेव्हाच तुला शंका यायला हवी होती. तुझ्या लग्नाच्या वेळी मी भाऊजींनाही अविश्वासू ठरवलं होतं (आजही मला घ्यायला ते गाडीच्या वेळेआधीच येऊन उभे असतात, हे मला खटकतं), पण ते पेनने लिहिलं होतं, एक अक्षर गळालं नव्हतं. तेव्हा होकार ताबडतोब थांबव. असो. (बघ, हाताने लिहिलं की कसं पुरतं उमटतं.)

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवत होतो आणि छकुलीचा फोन आला. त्याने म्हणे मला दारातच ओळखलं होतं, टोपीखाली तिचंच नाक दिसलं म्हणून. (ते हसू कसलं होतं, ते कळलं.) मी लगेच सावध झालो. ओळखून खरं बोलला, म्हणजे माझ्यासमोर साधेपणाचं नाटक? पण नाटक करणाऱ्याने होणाऱ्या मामेसासऱ्यांना भावात तरी काही सोडलं असतं. एक पैसा सोडला नाही गं त्याने! आणि मालाबद्दल बोलला ते अक्षरशः खरं निघालं. मी त्याला अप्रामाणिक लिहायला गेलो, तर त्याने सांगितलं होतं तसाच अ गेला. असा विकणारा मला गोदामात एकही भेटला नव्हता.

दुसरा ता. क. ती फोनवर रडत होती. आनंदाने, असं म्हणाली (मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली). म्हणाली, "मामा, तुम्ही आजवर कुणालाच चांगलं म्हणाला नाहीत. पहिल्यांदा म्हणालात, ते त्याला. मी ती ईमेल छापून कपाटात ठेवलीय." 'सो' वाचून मामा मॉडर्न झाले, असंही मैत्रिणींना सांगितलंय. मी खोकत खोकतच फोन ठेवला. (भाऊजींचा खोकला खरा असावा, फोनमधून लागला वाटतं.)

तर धाकटे, काम एवढंच. हे पत्र वाचून फाडून टाक. होकार आहे तसा राहू दे, छकुलीला यातलं काही कळू देऊ नकोस, आणि तो गळालेला अ तुमच्याकडे कुठे सापडलाच, तर परत पाठवू नकोस.