डॅश तीनमध्ये काय बदललं

आबा, शुक्रवारी सकाळी पोलीस येणार आहेत आणि माझी सातही रिव्हॉल्व्हरं घेऊन जाणार आहेत. मी गुन्हा केलेला नाही, तेव्हा कपाळाला आठ्या घालू नका. माझ्याच मुलाने बोलावलंय त्यांना, आणि कागदावर सही मीच करायची आहे. नेतील आणि वितळवतील. घरातल्यांना ही सात म्हणजे नुसत्या सात बंदुका, एक काय नि दुसरी काय. तुम्हाला जाऊन पन्नासेक वर्षं झाली, पण यातलं कळणारं माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. अक्षर तेच आहे, चौथीतलं. पुढे तुम्ही शाळेत घातलं नाहीत आणि मीही हट्ट धरला नाही.

मी एडमंटनला असते, मुलाच्या घरात, खाली बेसमेंटमध्ये. बाहेर मांडीएवढं बर्फ आहे, मुलगा सकाळपासून दोनदा शोव्हल करून आलाय आणि दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता वर गेलाय. इथे बसलं की मला पुण्याच्या कँपातल्या नेमबाजीच्या क्लबातली तुमची शस्त्रदुरुस्तीची खोली आठवते. तिलाही अशीच वरच्या अंगाला एकच खिडकी होती. मी दुपारी डबा घेऊन येते, तुम्ही हात पुसता आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीला, आणि डबा उघडायच्या आधी समोरचं रिव्हॉल्व्हर उघडता. गोळ्यांचं चाक बाजूला काढून उजेडाकडे धरता. "आधी उघड. रिकामं आहे का बघ. मग काय बोलायचं ते बोल." मग मुठीच्या तळाला नंबर दाखवायचा, तोच चाकाच्या मागे, तोच नळीच्या खाली. तिन्हीकडे एक असला तर तुकडा घरचा, नाहीतर सांधलेला. मी इंग्रजी आकडे असे शिकले. शाळेतल्या बाईंना वाटलं त्यांनी शिकवले.

आणि नाव कुठे लिहिलंय म्हणून मी विचारलं, तेव्हा तुम्ही हसलात. "नाव लिहिलेलं नसतं, बाय. ओळखावं लागतं." के म्हणजे अंगाचा बांधा, ना थोर ना बारीक. बावीस म्हणजे गोळी. आणि नेम धरायची मागची माशी स्क्रूने सरकत असेल, नळीच्या पाठीवर पट्टी असेल, तर ते मास्टरपीस. के-बावीस मास्टरपीस. मी घरी जाऊन भाकऱ्या थापताना ते म्हणायचे आणि आईला वाटायचं पोरीला वारं लागलं. तुम्ही सांगितलं होतंत, हे माणसावर चालवायचं हत्यार नव्हे, हे कागदावरच्या काळ्या ठिपक्यासाठी केलंय. मला ते फार आवडलं होतं. एवढी मेहनत आणि मारायचं कोणाला, तर ठिपक्याला.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं. तुम्ही हार आणायला गेलात आणि मला म्हणालात, पूजेची हत्यारं घासून ठेव. पकड, हातोड्या, कानशी. ते सगळं मी घासलं. बाजूला ते के-बावीस होतं, एका निवृत्त लष्करी साहेबाचं, बोटीने आणलेलं. काळपट दिसत होतं. राख होती, चिंच होती, हात चालू होता. तुम्ही आलात तोवर अर्धं अंग पळीसारखं पांढरं लखलखत होतं आणि मी शाबासकीसाठी उभी. तुम्ही मारलं नाहीत. हार खुंटीला अडकवलात, ते हातात घेतलंत, आणि म्हणालात, "गंज नव्हता गं तो. कातडं होतं त्याचं." एवढंच. तो काळा थर कंपनीनेच चढवलेला असतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक. साहेब आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी घासलं." पुण्यात तुमच्याइतका जाणता दुसरा नव्हता, आणि तुम्ही म्हणालात मी चिंचेने घासलं. त्याने विश्वास ठेवला. दिवाळीच्या आत तुम्ही क्लबाबाहेर. पुढे मरेपर्यंत सायकलींची चाकं सरळ केलीत, आणि एकदाही, आबा, एकदासुद्धा बोलून दाखवलं नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. माझ्या लग्नात भांड्यांबरोबर एक बारका पेचकस दिलात, टोक त्या मास्टरपीसच्या स्क्रूला बसेल असं घासलेलं. सासूबाईंनी विचारलं हे कशाला, तर म्हणालात, शिलाई मशीनला. माझ्याकडे शिलाई मशीन कधीच नव्हतं.

इथे आले ती नातवंडं सांभाळायला. मोठा शाळेत जायला लागला तशी घरात बसून सुनेशी भांडण्यापेक्षा कामाला लागले. नेमबाजीच्या एका बंदिस्त रेंजवर केर काढायचं काम, उडालेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या. मालक म्हातारा गोरा, तोंडाने तुमच्यासारखाच कंजूष. एकदा काउंटरवर एक रिव्हॉल्व्हर पडलं होतं. मी झाडू टेकवला आणि म्हटलं, के ट्वेंटी टू. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, ते जुनं नाव, आता याला नंबर आहे, आणि चाक उघडून आत दाखवलं. चौकटीच्या आत, चाक मिटलं की झाकलं जातं अशा जागी, ठोकलेलं: मॉडेल सतरा. तुम्ही क्लबातून निघालात त्याच सुमारास तिकडे कंपनीने नावं काढून नंबर घातले होते, आणि तुम्हाला मला ते कोणी सांगितलं नाही. पुढे काही बदललं की आकड्याला शेपूट. डॅश एक, डॅश दोन. कुठला स्क्रू गेला, कुठले आटे फिरले, ते सगळं त्या शेपटात. मी ते महिन्याभरात पाठ केलं. लायसन्सच्या परीक्षेत प्रश्न मला वाचून दाखवावे लागले, उत्तरं मात्र कोणी सांगावी लागली नाहीत. मग एकेक करत बारा वर्षांत सात जमवली. सगळी ठिपक्यावरच्या नेमाची. मंडळाच्या हळदीकुंकवात एक बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही क्रोशा का नाही करत?" मी म्हटलं, क्रोशाची सुई डोळ्यात जाते. परत विचारलं नाही कोणी.

आता इथला कायदा असा की पिस्तूल-रिव्हॉल्व्हर कोणाला विकता येत नाही, देता येत नाही, मुलालाही नाही. माझ्यामागे ती कोणाचीच नाहीत. हे मला ठाऊक होतं, पण मरेपर्यंत तरी माझी, असं धरून चालले होते. गेल्या महिन्यात धाकटी नात शाळेतून आली आणि ओट्यावर मटाराच्या सालींत तिला एक दिसलं. "आजी, इज धिस रियल?" सहा वर्षांची आहे. रिकामंच होतं, गोळ्या वेगळ्या कुलपात असतात, पण ते होतं तिथे, आणि तिचा हात त्याच्यावर होता. मुलगा घरी आला तेव्हा ओरडला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, हे इथे कसं आलं?"

"मी काढलं. साफ करायला."

"मटार सोलताना?"

"मग काय, हातात वेळ होता."

"आई, तीन कुलपं आहेत त्याला."

"तर? तिन्ही मीच लावते, मीच काढते."

त्या दिवसापासून किल्ल्या त्याच्याकडे. रविवारी दुपारी तेवढं कपाट तो समोर बसून उघडतो. मी त्याला दोन म्युझियमना फोन करायला लावले. एकाने विचारलं, कुठल्या युद्धातलं आहे का, कोणा प्रसिद्ध माणसाचं आहे का? नाही म्हटल्यावर संपलं. बघा, यांनी कोणाला मारलं नाही म्हणून यांना कोणी ठेवून घेत नाही. एका दुकानदाराने सीमेपलीकडे धाडायचं कबूल केलं होतं, तो आता फोन उचलत नाही. रेंजचा म्हातारा केव्हाच गेला. मी तर सुनेला सांगून गणपतीपुढे नारळ ठेवला, म्हणजे कुठवर आले ते समजा. मुलगा वाईट नाही. काल म्हणाला, "एखादं डीअॅक्टिव्हेट करून घेऊ. वेल्ड करतात, मग कायदा लागत नाही. काचेत ठेव, बघत बस."

"चाक उघडेल?"

"नाही, तेच तर वेल्ड करतात."

"मग नंबर कसा वाचायचा?"

"कोणाला वाचायचाय, आई?"

नाव आत ठेवून तोंड कायमचं शिवलेली वस्तू काचेतून बघत बसायची, त्यापेक्षा भट्टी बरी. सातही जाऊ देत. पेचकस कोणी मागितलेला नाही, तो माझ्या डब्यात आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तर खरं लिहायला काय जातं. ते रिव्हॉल्व्हर मी कधी काढलं, मला आठवत नाही. मटार कधी घेतले तेही नाही. तीन कुलपं माझ्याच हातांनी उघडली असणार, आणि मी तिथे नव्हते. मुलाला म्हटलं मी काढलं, जसं तुम्ही म्हणालात मी घासलं. फरक एवढाच की तुम्ही माझ्यासाठी बोललात आणि मी माझ्याचसाठी. निष्काळजी म्हातारी चालते हो घरात. दुसरी चालत नाही, तिला कुठे ठेवतात ते मी पाहिलंय.

रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत मी स्वतःची परीक्षा घेते. नुसतं सतरा: नाव गेलं, नंबर आला. डॅश एक: चाकाच्या रॉडचे आटे उलटे झाले. डॅश दोन: घोड्याच्या कड्यापुढचा स्क्रू गेला. डॅश तीन. दहा दिवस झाले, डॅश तीनपाशी कोरं आहे. रविवारी दोन आणि तीन शेजारी ठेवून तासभर बघत बसले. मुलाला वाटलं मी निरोप घेतेय. मी फरक शोधत होते. सापडला नाही. त्याचा फोन अर्ध्या मिनिटात सांगेल, पण विचारलं तर त्याला कळेल, म्हणून विचारलेलं नाही. तुम्हाला विचारावं म्हणून हे सगळं लिहीत आले, आणि आत्ता इथवर आल्यावर डोक्यात उजेड पडला, की डॅश तीन निघालं तेव्हा तुम्ही सायकलची चाकं सरळ करत होता. तुम्ही ते कधी पाहिलंच नाहीत. माझ्यामुळे.