पाच वर्षं पुरी झालेला नर

प्रिय आर्विड,

नऊ वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. शेजारचा एमेट कुबिचेक ऐंशीचा झाला, तरी मचाणावर चढतो आणि खाली उतरवायला मला हाक मारतो. ओढ्याकाठच्या तुकड्यात हरणांसाठी पेरलेलं सलगम आणि क्लोव्हरचं गवत यंदा मस्त आलंय. ओकची फळंही भरपूर पडली. हरणं अशी गुबगुबीत झालीत की बाबांनी बघायला हवी होती.

बाबांचं सगळं मी तसंच चालू ठेवलंय. पूर्वेच्या रानात, हरणांच्या आसऱ्याच्या जागेत, कुणी पाऊल टाकायचं नाही. वारा उलटा, आपला वास हरणांकडे नेणारा असला तर घरीच बसायचं. एका मचाणावर आठवड्यात दुसऱ्यांदा जायचं नाही. माद्या ठरल्याइतक्या मारायच्या, म्हणजे उरलेल्यांना चारा पुरतो. आणि पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय नराला हात लावायचा नाही. पाचही शेजारी अजून पाळतात. कितीदा तरी सुंदर शिंगांचा तीन वर्षांचा नर समोरून गेला आणि मी बंदूक मांडीवरच ठेवली. चुकून कुणी कोवळा मारलाच, तर त्याने वर्षभर शिकार करायची नाही, हेही तुला माहीत आहे.

यंदा एक होता. उजवा कान फाटलेला. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात मी त्याला चार वर्षं बघत होते. पोट खाली आलेलं, मान पिंपासारखी, पाच वर्षं पुरी झाल्याची खूणच. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचा भुरभुराट चालू होता, आणि तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. मला कान दिसला, आर्विड. फाटलेला दिसला. आजही डोळे मिटले की दिसतो. मी गोळी झाडली.

जवळ गेले तर दोन्ही कान धड. मी तिथेच बर्फात बसले. एमेट आला, त्याने जबडा उघडून दाढांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "अगं सिग्ने, हा तर अडीच वर्षांचा पोरगा! दाढा झिजायला सुरुवातही नाही."

"मग एवढा थोराड कसा?" मी विचारलं.

"तूच खाऊ घातलंस ना? तुझ्याच सलगमावर वाढलाय. त्यात थंडीने अंगावरचे केस फुगलेले. होतं असं."

होतं असं. शनिवारी सगळे शेजारी एमेटच्या स्वयंपाकघरात जमले, तेव्हाही हेच. मी सांगितलं, तर हसले. त्याची सून म्हणाली, "सिग्ने मावशी, तुम्ही आता चष्मा घ्या!" आणि माझ्या पुढ्यात ॲपल-पायचा मोठा तुकडा ठेवला. कुणी रागावलं नाही. मला वाटत होतं, कुणीतरी ओरडावं. का वाटत होतं, कळत नाही. हल्ली मला बरंचसं कळत नाही. कॉफी ओतते आणि प्यायची विसरते.

बाबा गेले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तू तो दोन वर्षांचा नर घरी आणलास. अंगणात उभा राहून म्हणालास, "ताई, शपथ घेतो, मला तो म्हाताराच वाटला." मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस. बाबांची माती अजून ओली आहे, आणि तुला शिंगं दिसली म्हणून धीर निघाला नाही." जमीन माझ्या नावावर होती. बाबांनी घातलेली एका वर्षाची बंदी मी तुझ्यासाठी कायमची केली. सगळ्यांसमोर. तेव्हा एमेट म्हणाला होता, "जरा जास्तच होतंय गं." मी त्याच्याशीही महिनाभर बोलले नाही. मला इतकी खात्री होती, आर्विड! कानाची होती ना, तितकीच.

पण मग मनात येतं, तू खरंच खोटं बोलला असलास तर? मी चुकले म्हणजे तू बरोबर होतास, असं थोडंच आहे? रोज रात्री एकदा असं वाटतं, एकदा तसं. आणि मध्येच वाटतं, खोटं असतं तरी नऊ वर्षं?

पत्र लिहायचं कारण सांगते. शनिवारी मी उठून म्हणाले, "पुढचं वर्ष शिकारीच्या यादीतून माझं नाव काढा." मग एमेट म्हणाला, "काढतो. पण तुझ्या रानावर कुणी माद्या कमी केल्या नाहीत, तर मार्चपर्यंत चारा संपेल. आर्विडचं नाव परत घालू का?" मी म्हणाले, "त्याला विचारते." ते तोंडातून कसं निघालं, ठाऊक नाही. म्हणून विचारतेय. येशील का? आणि आलास तर मी तुला आधी काय म्हणायचं, तेही तूच सांग. मी चार दिवस शोधतेय. मला सापडत नाही.

तुझीच,
सिग्ने