नंदाचे दोन दुधाचे दात

४ जाने. १९८१, कोराडी
नंदा शाळेतून रडत आली. गॅदरिंगच्या नाटकात राणी होती, आता दासी. तीही मुकी! आठ वर्षांच्या पोरीचा खालचा जबडा पुढे, म्हणून पोरं ‘ड्रॉवर’ म्हणतात. हसतानाही तोंडावर हात. समोरच्या दातांनी साधा दोरा तुटत नाही तिच्यानं. डोकं असं फिरलं की पोळी करपली.

६ जाने.
सासूबाईंचं निदान: वरचे दोन दुधाचे दात अडून बसले, म्हणून नवे येईनात. पांढरं रीळच घेऊन आल्या. “बांध दोरा, दे झटका. दात उंदराच्या बिळात टाक. नवे येतात का नाही पाय वं!” मलाही पटलं. पण नंदा पलंगाखालून निघेचना. हे म्हणाले, “दवाखान्यातच काढून आणू न.”

१९ जाने.
डॉक्टरीणबाईंना म्हटलं, हे दोन काढा. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. “काढू नका. यांच्याखाली नवे दात बनलेच नाहीत.” अशा मुलांत पुष्कळदा वरचा जबडाही मागे राहतो, खालचा पुढे येतो म्हणे. दुधाचे दात जपायचे, ते जागा धरतात. हाड अजून वाढतंय, तारेची प्लेट लावून वरचे दात पुढे आणून बघू. अगं बाई, त्या दिवशी झटका दिला असता तर!
सा.बा.नी सगळं ऐकलं. मग रीळ उचलून फळीवर ठेवलं.

१२ फेब्रु.
प्लेट बसली. बोबडं बोलणं, लाळ, रडारड. दुपारी प्लेट तांदळाच्या डब्यात सापडली. मी ओरडले, मग मीही रडले.
सा.बा. नंदाला: “काहून रडून राहिली वं? मी कवळी घालून जेवतो न? तू प्लेट घालून जेव.”
आता आजी-नात मोरीत शेजारी बसून आपापलं घासतात.

३ मे
वरचे दात पुढे येऊन खालच्यांना टेकले. कोणाला सांगितलं नाही. दृष्ट लागायची.

१४ जून
सा.बा. मोगऱ्याचा गजरा ओवत होत्या. कात्री सापडेना. नंदानं दोरा दातात धरला आणि टचकन तोडला.
सगळे बघतच राहिलो.
“पुन्हा तोड वं!” सा.बा.नी रीळ पुढे केलं. तोड, अजून तोड! अर्धं रीळ संपवलं दोघींनी. नंदा खदखदून हसली, हात मांडीवर. “आई, यंदा राणी मीच.”
डावा दुधाचा जरा हलतो की मलाच तसं वाटतं? टिकला तर कितीही वर्षं टिकेल, म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई. टिक रे बाबा. उद्या दाखवून आणते.